मागच्या युनिटमधलं सोवळं

किळस हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. मेलबर्नजवळ डँडेनॉन्गमधल्या एका फॅक्टरीत तयार जेवणाचे डबे भरतात, तिथे मी क्वालिटीत आहे. सरकत्या पट्ट्याखाली साचलेलं, नळीच्या सांध्यात अडकलेलं, फ्रीजरच्या रबरामागे काळं पडलेलं सगळं शोधून काढायचं आणि ज्याच्या शिफ्टला ते साचलं त्याला सुनवायचं, हे माझं काम. त्यामुळे घाणीचं मला विशेष काही वाटत नाही. घाण धुतली की जाते. आता जे सांगणार आहे ते काही केल्या जात नाही.

तेव्हा मी फॅक्टरीपासून जवळच एका घराच्या पुढच्या भागात भाड्याने राहत होते. एकटीच. मागे, अंगणाच्या टोकाला, जुन्या गॅरेजला आतून प्लास्टरबोर्ड ठोकून केलेलं एक युनिट होतं. युनिट म्हणायचं आपलं. खिडकी एकच, तीही कुंपणाकडे तोंड करून. हिवाळ्यात भिंतींना आतून पाणी सुटायचं आणि कोपऱ्यांतून काळी बुरशी वर चढायची. त्याहून वाईट म्हणजे माझ्या बाथरूमचा पाइप त्यांच्या किचनखालून जात होता आणि मध्येच कुठेतरी तुंबलेला होता. मी इकडे आंघोळ केली की माझं पाणी तिकडे त्यांच्या सिंकमधून वर यायचं. फेस, केस, सगळ्यासकट. हे मला कळलं त्या दिवसापासून मी फॅक्टरीतल्या शॉवरखाली आंघोळ करायला लागले. एजंटला फोन करून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘नो वरीज, नोट करून ठेवतो.’ त्या माणसाला कसलीच वरी नव्हती, कारण सिंक त्याचं नव्हतं.

त्या युनिटमध्ये तिघी राहायच्या. एक म्हातारी, तिची चाळिशीतली मुलगी आणि नऊ-दहा वर्षांची नात. स्लोव्हाकियाहून आलेल्या. मुलगी इथल्या एका ट्रक ड्रायव्हरशी लग्न करून आली, तो सोडून गेला, मग तिने आईला बोलावून घेतलं. ती ऑफिसं साफ करायची. नातीला दमा होता, आणि बुरशी वाढली की तिचा खोकला माझ्या बेडरूमपर्यंत ऐकू यायचा. कोरडा, न संपणारा. मुलगी दर इन्स्पेक्शनला एजंटला भिंती दाखवायची आणि तो दर वेळी ‘खिडकी उघडी ठेवत जा’ असं सांगून जायचा.

घरमालक आपलेच. म्हणजे मराठी, पुण्याचे, नवराबायको दोघंही आयटीत, राहायला सिडनीत, केलीव्हिलला. डँडेनॉन्गचं घर ही त्यांची इन्व्हेस्टमेंट. मला ते ओळखीतून मिळालं. मालकिणीने फोनवर आधी माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग समाधानाने ‘अच्छा, अच्छा’ म्हणाली. माझं आडनाव असं आहे की त्यातून ज्याने त्याने हवं ते समजावं. ती तिला हवं ते समजली. माझी आजी पालात जन्मली, गावाबाहेर ठोकलेल्या फाटक्या कापडाच्या पालात. आज या गावाच्या शिवेवर, उद्या तिथून हुसकावलं की पुढच्या. हे तिने विचारलं नाही, आणि घर भाड्याने घेताना मी काही कुळकथा सांगायला बसत नाही.

म्हातारीने अंगणात कुंपणाला लागून प्लास्टिकचे टब मांडून ठेवले होते. निळा, लाल, पिवळा, एक पांढरा झाकणाचा. सुरुवातीला मला वाटलं, पसारा. मग कामाच्या सवयीने लक्ष गेलं. पांढऱ्यात फक्त ताटवाट्या. निळ्यात अंगातले कपडे, कमरेच्या वरचे. लालमध्ये कमरेखालचे. पिवळ्यात टॉवेल आणि चादरी. एकाचं पाणी दुसऱ्याला लागायचं नाही, आणि हात धुवायचे ते पाचव्याच एका तांब्याने, बाजूला. सिंकला तर ती बोटही लावत नव्हती. का लावेल? ज्यातून परक्या बाईचं आंघोळीचं पाणी वर येतं त्यात ताट कोण बुडवेल? कडाक्याच्या थंडीत ती म्हातारी बाहेर बसून भांडी घासायची, आणि हाताची बोटं सुजून लाल झालेली असायची.

प्लंबर आला तेव्हा मला त्यांचं खरं कळलं. एजंटने शेवटी कंटाळून एकदाचा तो पाठवला, आणि नेमका निघाला त्यांच्याच देशातला. मी त्याला मागे घेऊन गेले. म्हातारी मुलीशी त्यांच्या घरच्या भाषेत काहीतरी बोलली, आणि त्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर बदलला. नाकपुड्या आक्रसल्या. त्याने हातातली पेटी खालीसुद्धा ठेवली नाही. दारातूनच सिंककडे एक नजर टाकली आणि परत फिरला. गेटपाशी मला म्हणतो, ‘मेट, हे कोण आहेत माहितीये ना तुला? जिप्सी. शेडला कुलूप लाव.’ मी विचारलं, पाइपचं काय? तो म्हणाला, हे लोक सिंकमध्ये काय वाट्टेल ते ओततात, पाइप काय करणार. जी बाई त्या सिंकला शिवत नाही तिच्याबद्दल हे. एजंटलाही त्याने तेच सांगितलं, आणि एजंटने केलीव्हिलला कळवलं.

त्या संध्याकाळी मुलगी माझ्या पायरीवर येऊन बसली. ‘आता तुला कळलंच आहे,’ म्हणाली. आम्ही रोमा. जिप्सी हा शब्द आम्ही वापरत नाही, आम्हाला लावतात. मग बराच वेळ बोलत होती. तिच्या गावात रोमांना शहराच्या टोकाच्या सिमेंटच्या इमारतींत टाकलेलं. ही चौथ्या मजल्यावर वाढली. पालिकेने घरातले नळ तोडले, पाणी खाली, तेही ठरल्या वेळी. बाकीच्या गावाने मध्ये एक भिंत बांधली, नजरेला पडू नये म्हणून. शाळेत ही हुशार, पण मंद मुलांच्या वर्गात बसवलेली, कारण तिच्या वस्तीतली सगळीच तिथे बसवायचे. ‘इथे कुणाला माहीत नव्हतं,’ ती म्हणाली. ‘इथे आम्ही फक्त स्लोव्हाक होतो. फार बरं वाटायचं.’ मला ते फारच नीट समजलं. टबांचं विचारलं तर हसली. सगळे रोमा पाळत नाहीत, पण आईच्या घराण्यात कडक आहे, म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात मालकिणीचा फोन. ‘अगं, तू आपली आहेस म्हणून सांगते. ते मागचे लोक कसले आहेत कळलं ना? त्या टबांचे, पसाऱ्याचे जरा फोटो काढून पाठव ना. आणि वास येतो म्हणून एजंटला सांग. तुझ्याकडून कम्प्लेंट गेली की आमचं काम सोपं होतं.’ मी म्हणाले, वास येतो तो तुमच्या पाइपचा येतो. त्यावर ती खळखळून हसली. अशा लोकांना काही सांगितलं की ते तुमच्या विनोदबुद्धीचं कौतुक करतात. ‘बरं ऐक, वीकेंडला आम्ही मेलबर्नला येतोय, एका बारशाला. मी आणि आई. स्वतःच बघते काय ते. हॉटेल कशाला करायचं, तू आहेस ना!’

भाडेकरूच्या घरी मालकाने पाहुणा म्हणून उतरावं, हे फक्त आपल्यातच होऊ शकतं. इथल्या कुणाला सांगितलं तर तो वकील गाठेल. मी काय केलं? चादरी धुतल्या आणि पुरणपोळी केली. सवय जात नाही. दोघी शनिवारी सकाळी आल्या, मालकीण आणि तिची सासू, डिंकाचे लाडू घेऊन. सासूबाई सत्तरीच्या, टापटीप, नऊवारीच्या जमान्यातलं सगळं मनात आणि अंगावर पंजाबी ड्रेस. आल्या आल्या आंघोळ केल्याशिवाय चहासुद्धा घेतला नाही. माझ्या देवघरातला गणपती पाहून खूश झाल्या.

दुपारी आम्ही तिघी मागे गेलो. मालकिणीने फोन हातात घेतलेलाच होता, टबांचे फोटो घ्यायला. पण सासूबाई टबांपाशी थांबल्या. वाकून बघितलं. एकेक टब, त्यातलं एकेक कापड. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘विचार हिला, वरचं आणि खालचं वेगळं धुते का?’

मी मुलीला इंग्रजीत विचारलं, मुलीने आईला तिच्या भाषेत. म्हातारीचे डोळे एकदम लकाकले. तिने निळ्यावर हात ठेवला, मग छातीवर. लालवर, मग कमरेखाली. पांढऱ्याचं झाकण उघडून आतली घासलेली ताटं दाखवली. सासूबाई मान हलवत होत्या. ‘आणि पाळीतले?’ त्यांनी विचारलं. म्हातारीने भिंतीमागे लांब ठेवलेला एक करडा टब दाखवला. ‘बरोबर,’ सासूबाई म्हणाल्या, ‘माझी सासू अगदी असंच करायची.’ या देशात त्या म्हातारीला तिच्या टबांबद्दल नीट प्रश्न विचारणारी ही पहिलीच बाई होती. तिने सासूबाईंचा हात धरून आत नेलं. आणि खरं सांगते, मला वाटलं, झालं, सुटलं. आता पाइप बदलला जाईल, भिंती कोरड्या होतील, पोर नीट झोपेल.

आत गेल्यावर सासूबाईंनी भिंतीकडे बघून पदरासारखी ओढणी नाकाला लावली. म्हातारीने चहा केला. घरातले तिघींचे कप हुकांना टांगलेले होते, काचेचे, लखलखीत. त्यातला एकही तिने काढला नाही. फडताळाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, कागदात गुंडाळलेले तीन कप होते, ते काढले आणि आमच्यापुढे ठेवले. मला एका क्षणात कळलं. हे परक्यांचे कप. रोमा नसलेल्यांचे. आमच्या ओठांना लागलेलं त्यांच्या ओठांना चालणार नाही. माझ्या आजीला गावात चहा मिळायचा तो दारात पालथ्या ठेवलेल्या वेगळ्या कपातून, तोही तिने स्वतःच विसळून परत पालथा ठेवायचा. मला त्या म्हातारीचा मनापासून राग आला. जिने आयुष्यभर भिंतीपलीकडे दिवस काढले तिच्याकडेही कुणासाठी तरी खालची फळी होतीच.

सासूबाईंनी कप हातात घेतला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. ‘आज माझा उपास आहे म्हणावं,’ मला म्हणाल्या. सकाळी चार पुरणपोळ्या खाल्लेल्या बाईचा उपास. अशा त्या दोघी समोरासमोर बसून एकमेकींचा विटाळ पाळत होत्या, गोड हसत होत्या. सगळं तंतोतंत सारखं. फरक एवढाच की त्या घराची किल्ली एकीच्या सुनेच्या पर्समध्ये होती. मी माझा चहा पिऊन टाकला आणि सासूबाईंचाही पिऊन टाकला.

संध्याकाळी बारशाहून आल्यावर त्यांना पुन्हा भूक होती. मी वरणभात वाढला. मालकीण आपली सुरुवातीची कहाणी सांगत होती. सिडनीत नवीन असताना त्यांना म्हणे कुणी घर देईना. एका गोऱ्या बाईने तोंडावर सांगितलं, इंडियन्स नकोत, भिंतींना करीचा वास बसतो. ‘इतकी रडले होते ना मी तेव्हा! माणसाला त्याच्या वासावरून जज करायचं? हाऊ डेअर दे?’ सांगताना आताही तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. तेच मला सहन होईना.

सासूबाई म्हणाल्या, ‘बाई स्वच्छ आहे हो ती. माझ्यापेक्षा कडक पाळते.’

‘मग पाइप दुरुस्त करून घ्या ना,’ मी घाईने म्हणाले. ‘त्या पोरीला दमा आहे.’

‘करणारच आहोत गं,’ मालकीण म्हणाली. ‘त्या गेल्या की. नोटीस द्यायला सांगितलंय एजंटला. ओनरची फॅमिली राहायला येणार असं कारण दिलं की चालतं. आई राहणार म्हणून सांगितलंय.’

‘मी?’ सासूबाई घाबरल्याच. ‘त्या कोंदट खोलीत? काहीतरीच तुझं!’

‘अहो आई, नुसतं सांगायला.’

मग दोघी हसल्या. मला अजून आशा होती, हेच माझं चुकलं. मला वाटलं, नातं जोडून दाखवावं. म्हणून म्हणाले, ‘तुम्हाला माहितीये का, हे रोमा मूळचे आपल्याकडचेच. हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून गेलेले. पाण्याला अजून पानीच म्हणतात.’

सासूबाईंचा घास हातातच राहिला. ‘आपल्याकडचे? म्हणजे कोणातले?’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण सुनेने तोवर फोन काढून वाचायला घेतलं होतं. ‘नक्की नाही म्हणे, आई. लोहारकाम करणारे, नाच-गाणं करणारे, डोंबारी वगैरे, असे असावेत म्हणतायत.’

‘तरीच,’ सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी घास तोंडात घातला.

हजार वर्षं, अर्धी पृथ्वी, चार-पाच देशांच्या लाथा, आणि शेवटी केलीव्हिलच्या सासूबाईंनी जात लावून दिली आणि शांतपणे वरणभात जेवू लागल्या. माझं डोकं सणकलं. ‘माझ्यातले,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘कोणातले विचारलंत ना? माझ्यातले. आम्ही पालावरचे. माझी आजी दोरीवर चालायची. तुम्ही सकाळपासून जे जेवताय ते त्या हातचं आहे.’

कुणी ताट सारून उठलं नाही. आजकाल कुणी उठत नाही. सासूबाईंनी फक्त त्यानंतर भाताला हात लावला नाही, पाण्याचा पेला जरा लांब सरकवला आणि झोप येतेय म्हणाल्या. मालकीण मात्र एकदम फुलली. ‘अय्या! वाटत नाही हं तुझ्याकडे बघून! आम्ही तसलं काही मानत नाही, बरं का. माझी एक खूप चांगली मैत्रीण आहे...’ त्या मैत्रिणीचं मी पुढे ऐकलं नाही. सकाळी त्या न्याहारी न करताच निघाल्या, फ्लाइट लवकर आहे म्हणून. लाडवांचा डबा मात्र माझ्याकडेच सोडला. परत नको म्हणाल्या, डबासुद्धा.

नोटीस आली. मी मुलीला सांगितलं, कारण खोटं आहे, माझ्यासमोर बोलल्यात त्या, भाडेकरूंच्या ट्रायब्युनलमध्ये जा, मी येऊन सांगते. तिने नकाराची मान हलवली. ‘भांडले तर पुढच्या घरासाठी रेफरन्स कोण देणार?’ म्हणाली. बरोबर होती ती. न भांडून तरी काय मिळालं? तिने किती ठिकाणी ॲप्लिकेशन टाकली असतील. प्रत्येक ठिकाणी आधी हो, मग जुन्या एजंटला फोन, मग सॉरी. एजंट काय सांगत होता कुणास ठाऊक. मी माझ्या घरात राहा म्हटलं, तर माझ्याही लीजवर मालकिणीची सही होती आणि तिने साफ नाही म्हटलं. इन्शुरन्समध्ये बसत नाही म्हणे.

शेवटी त्यांना जागा मिळाली ती गावाबाहेरच्या एका कॅरॅव्हॅन पार्कमध्ये. एक जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, चाकं मातीत रुतलेली, दार पुरतं न लागणारं. संडास-बाथरूम सगळ्या पार्कला मिळून सामायिक, चालत जाऊन. मी भेटायला गेले तेव्हा म्हातारी पलंगाच्या कडेवर बसली होती. टब मांडायला जागाच नव्हती. मुलगी मला बाहेर नेऊन म्हणाली, आई दिवसभर पाणी पीत नाही, परक्या लोकांच्या संडासात जावं लागू नये म्हणून. डॉक्टर ओरडतोय. ‘गंमत बघ,’ ती म्हणाली, ‘जिप्सी म्हणजे गाड्यांतून भटकणारे असं सगळे समजतात, आणि आमच्या घराण्यात आजवर कुणी गाडीत राहिलेलं नाही. माझ्या आईने सगळा संसार चौथ्या मजल्यावर केला. तिला चाकांची भीती वाटते. रात्री गाडी चालायला लागेल म्हणून ती कपडे घालून झोपते.’

इकडे त्या गेल्यावर पाइप दोन दिवसांत बदलला. भिंतींना नवा रंग लागला. क्लेटनच्या युनिव्हर्सिटीतलं एक मराठी जोडपं राहायला आलं. त्यानंतर मालकिणीचा फोन, आवाजात हल्ली माझ्यासाठी खास ठेवलेला गोडवा. नवीन लोक कसे आहेत, किती स्वच्छ आहेत, वगैरे. मग म्हणाली, ‘आणि काय गं, त्या बिचाऱ्यांना मिळालं का कुठे घर? आई विचारत होत्या.’

मी म्हणाले, नाही मिळालं. कॅरॅव्हॅनमध्ये राहतायत.

‘बघ!’ ती म्हणाली, आणि तिला खरोखर हायसं वाटल्याचं मला ऐकू आलं. ‘शेवटी गाडीतच गेले ना! रक्तातच असतं गं ते. आपण उगीच त्यांना चार भिंतींत कोंडत होतो.’